भोंग्याखालचं वाक्य

आमच्या सरांचा शांततेवर विश्वास नव्हता. म्हणजे ते काही दंगेखोर गृहस्थ नव्हते. धोतर, बंद गळ्याचा कोट, कोटाच्या खिशात टोकदार पेन्सिली, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने आपोआप पुढे वाकावं. पण शॉर्टहँड शिकायला शांत खोली हवी असं कोणी म्हटलं, की ते त्या माणसाकडे एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तसं बघत. “शांत खोलीत उंदीरसुद्धा भाषण टिपतो,” ते म्हणत. “पण भाषणं शांत खोलीत होतात कुठे?”

म्हणून त्यांनी आपला क्लास लालबागला काढला, आणि तोही मसाला कांडणाऱ्या डंखांच्या बरोबर डोक्यावर. खाली दिवसभर लोखंडी मुसळं आपटत आणि वर आमची बाकं त्या तालावर चालू लागत. तास सुरू होताना भिंतीशी असलेलं बाक तास संपेपर्यंत दाराशी आलेलं असे. त्यात मिरच्यांचा हंगाम असला की सगळा वर्ग शिंकत शिंकत मजकूर उतरवी. सर थांबत नसत. “वक्ता तुमच्या शिंकेसाठी थांबणार आहे का?” एवढंच विचारत, आणि हा प्रश्नही मजकुराचाच भाग समजून आम्ही लिहून घेत असू.

मी गिरगावातून ट्रामने यायचो. गिरगावात याहून जवळचे आणि याहून सुवासिक क्लास होते. पण वडिलांच्या कचेरीतल्या कोणी तरी सांगितलं होतं, की ह्या माणसाच्या हाताखालून निघालेला मुलगा कुठेही टिकतो. वडिलांना त्यातला ‘टिकतो’ हा शब्द फार भावला. मी तोवर कुठेच टिकलो नव्हतो.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. चाळीचाळीत सभा, नाक्यानाक्यावर सभा. ज्याला घसा होता तो वक्ता होता, आणि ज्याला घसा नव्हता तो घोषणा देऊन देऊन घसा बसलेला होता. मोठ्या पुढाऱ्यांची भाषणं दुसऱ्या दिवशी छापून येत. पण पाळी सुटल्यावर एखादा कामगार स्टुलावर चढून जे बोले ते हवेत जाई. सरांना ह्या हवेत जाणाऱ्या भाषणांचा विलक्षण लोभ होता. “पुढाऱ्यांचं काय, ते उद्या पुन्हा तेच बोलणार आहेत,” ते म्हणत. “हा माणूस पुन्हा बोलेल की नाही सांगता येत नाही.”

ह्या लोभापायी त्यांनी आमचे जे हाल केले ते एखाद्या सर्कशीत शोभले असते. रविवारी ते आम्हाला कॉटन ग्रीनच्या गोदामात नेत. तिथला मुकादम त्यांच्या ओळखीचा होता. कापसाच्या गाठींच्या मागे उभं राहून सर मजकूर सांगत, आणि त्यांचा मुळातच बारीक आवाज कापसात असा काही मुरे, की आम्हाला नुसता संशय ऐकू येई. पुढच्या रविवारी चाळीचा जिना. तिथे एकच शब्द तीन मजल्यांवरून तीनदा खाली येई आणि कोणता खरा ते ठरवायचं. कर्ण्यातून येणारा आवाज कसा असतो हे शिकवायला त्यांनी वनस्पती तुपाचा एक मोठा डबा दोन्हीकडून कापून घेतला होता. त्यात तोंड घालून ते तासन्‌तास बोलत. खालचे मसालेवाले नवीन गिऱ्हाइकाला सांगत, “वर मास्तर आहेत. डब्यात शिकवतात.”

आवाज गोळा करणं हा त्यांचा आणखी एक छंद. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात तशी सर माणसं जमवत. हिंदमाताजवळच्या साडीच्या दुकानातले एक गुजराती शेठ, तोंडात कायम पान. सगळे दात गेलेले एक निवृत्त हेडमास्तर. एक वऱ्हाडी पोस्टमन. आणि परबवहिनी. परबवहिनी दोन गल्ल्या पलीकडे खानावळ चालवायच्या. त्यांच्याकडे मिलमधले एकटे राहणारे कामगार जेवत. सर आम्हाला त्यांच्या चुलीपुढे बसवत, आणि वहिनी भाकऱ्या थापता थापता, चूल फुंकता फुंकता, जेवणाऱ्यांपैकी कोणाकोणाचा उद्धार करता करता जे मालवणी बोलत ते आम्ही उतरवायचं. अर्धा तास झाला की वहिनी म्हणत, “झाला काय रे तुमचा? आता पानां उचला.” मग आम्ही ताटं उचलत असू. लघुलेखनाचा हा भाग दुसऱ्या कुठल्याच क्लासात शिकवत नव्हते.

सरांचे नियम दोन. पहिला, जे ऐकू आलं नाही तिथे जागा रिकामी सोडायची. “रिकाम्या जागेची लाज बाळगू नका. भरलेल्या जागेची बाळगा.” दुसरा, लिहिताना वक्त्याकडे बघायचं नाही. तोंड हललेलं दिसलं, हात उगारलेला दिसला, की ऐकू न येताही ऐकल्यासारखं वाटतं, असं त्यांचं मत. “माना खाली! कान डोक्याला असतात, डोळ्यांना नाही.”

दुसरा नियम मला जमला. पहिल्याशी माझं जन्मात जमलं नाही. त्याचं काय होतं, शाळेत मी वक्तृत्वाचे कप मिळवले होते, आणि ज्या मुलाला लहान वयात कप मिळतात तो पुढे कोणाचं ऐकून घेण्याच्या कामाचा राहत नाही. मला वाक्याची सुरुवात ऐकू आली की शेवट आपोआप सुचे. तो नेहमी मूळ वाक्यापेक्षा चांगला असे. पानवाले शेठ एकदा सांगत होते, की ह्या साडीचा रंग धुऊन जात नाही. माझ्या वहीत ते म्हणत होते, ‘वस्त्र हा संस्कृतीचा पहिला उद्गार आहे.’ शेठना ते इतकं आवडलं की त्यांनी दुकानाच्या पाटीसाठी मागून घेतलं. सरांनी मात्र वही मिटली आणि म्हणाले, “कवी, तुम्ही कान लावत नाही. हात लावता.”

तेव्हापासून मी वर्गात ‘कवी’ झालो. सगळ्यांत जास्त ही हाक कमलने वापरली. कमल परळच्या चाळीतली. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, वडील मिलमध्ये होते, आणि घरातली कचेरीत खुर्चीवर बसणारी पहिली बाई आपण व्हायचं हे तिने पक्कं ठरवलं होतं. तिच्या वहीत रिकाम्या जागा कशा स्वच्छ, ठसठशीत असत. शेजारी बारीक अक्षरात कारणही लिहिलेलं असे: ट्रामची घंटा, टाळ्या, मूल रडलं. “अहो कवी,” ती मला म्हणे, “मूल रडलं तेव्हा तुमचा वक्ता काय म्हणाला? श्लोक म्हणाला असेल ना?”

सभेला सर आम्हा चौघांना मैदानाच्या चार कोपऱ्यांत बसवत. मी, कमल, आणि दोघे भाऊ होते, ते फार बोलत नसत म्हणून त्यांच्याबद्दल मीही फार बोलत नाही. एक कर्ण्याखाली, एक रस्त्याकडेला, एक बायकांत, एक मागे शेंगदाणेवाल्यांत. सभा संपली की क्लासात येऊन चारही वह्या शेजारी शेजारी ठेवायच्या. “एका कानाला चकवा लागतो,” सर म्हणत. “चारही कानांना एकच चकवा लागत नाही.” जिथे जुळे तिथे मजकूर पक्का. जुळत नसे तिथे, बहुतेक वेळा, मी असे.

आता परबांचं सांगतो. परब म्हणजे खानावळवाल्या वहिनींचे यजमान. मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचे. माणूस उंच, आवाज फुटका, आणि बोलायला उभा राहिला की अख्खं मैदान हसवायचा. एका संध्याकाळी लालबागच्या मैदानात, कर्ण्याशिवाय, नुसत्या स्टुलावरून त्यांचं भाषण झालं. भाषणाच्या मध्येच मिलचा सुटीचा भोंगा झाला. तो भोंगा ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही ऐकला त्यांना सांगून कळायचं नाही. त्यात स्वतःचा विचारही ऐकू येत नसे. भोंगा थांबला, परब पुढे बोलले, सभा संपली, उशीर झाला म्हणून वह्या जुळवणं राहून गेलं, आणि आम्ही ट्राम पकडून घरी गेलो.

काही दिवसांनी परबांना पकडलं. सभेला पोलिसांनी बसवलेल्या सरकारी लघुलेखकाने त्यांच्या भाषणाचा जो मजकूर दिला होता त्यात एक वाक्य होतं: आज रात्री डेपोला काडी लावा. खटला ह्या एका वाक्यावर उभा होता. शिक्षा झाली असती तर मिलने नाव कापलं असतं, आणि परबांच्या खात्यातले जे कामगार वहिनींकडे जेवत तेही बिचकून दुसरीकडे गेले असते. म्हणजे दोन्ही चुली एकदम विझल्या असत्या.

आम्ही वह्या काढल्या. ते वाक्य जिथे होतं असं पोलीस म्हणत होते तिथे कमलच्या वहीत रिकामी जागा, शेजारी ‘भोंगा’. दोघा भावांच्या वहीत रिकामी जागा, शेजारी ‘भोंगा’. माझ्या वहीत रिकामी जागा नव्हती. माझ्या वहीत परब म्हणत होते, ‘बांधवांनो, रागाचा निखारा उरात जपा, पण त्याची झळ कोणाच्या घराला लागू देऊ नका.’

परबांचे वकील दादरचे होते, तरुण होते. ते वाचून त्यांनी मला मिठीच मारली. “सर, हे वाक्य सोन्याचं आहे!”

“सोन्याचं आहे,” सर म्हणाले. “परबांचं नाही.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“ह्यांना विचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. भोंगा वाजत होता, पेन्सिल हातात होती, आणि कोरी ओळ माझ्याकडे बघत होती, ह्यापलीकडे मला काही आठवत नव्हतं.

वकिलांनी सुचवलं, की इतर तीन वह्या राहू द्या घरी, ही एकच नेऊ. सर म्हणाले, चारही जातील, नाहीतर एकही नाही. वकिलांनी डोकं धरलं. कमल मध्ये पडली. सरांना उलट बोललेली मी तिला तेव्हाच पाहिली.

“सर, माणूस तुरुंगात जातोय.”

“म्हणूनच,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः जिना चढून आल्या. हाताला पीठ तसंच. त्यांनी काही पाया पडणं, पदर पसरणं केलं नाही. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मास्तरांनू, तुमच्या पोरान लिवलेला असा ना? मग ता वाचूक तुमचा काय जाता? तुमच्या त्या रिकाम्या जागेत माझो घोव बसलोहा!”

त्या गेल्यावर सर बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले, इतका वेळ की पेन्सिल संपत आली. मग कोट चढवून म्हणाले, “चला मैदानात. कवी, तुम्ही स्टूल घ्या.”

पुढे जे झालं ते माझ्या वक्तृत्वाच्या कारकिर्दीतलं शेवटचं जाहीर भाषण. सरांनी मला परब उभे होते त्या जागी स्टुलावर चढवलं. बाकीचे तिघे आपापल्या कोपऱ्यांत. सर स्वतः सरकारी लघुलेखक बसले होते तिथे जाऊन बसले. भोंगा सुरू झाला की मी माझं ते निखाऱ्याचं वाक्य जिवाच्या आकांताने ओरडायचं, आणि कोणाला काय ऐकू येतं ते बघायचं. भोंगा सुरू झाला. मी ओरडलो. माझं मलाच काही ऐकू येईना म्हणून आणखी जोरात ओरडलो. डोळे मिटले, दोन्ही हात वर केले, आणि नेमका भोंगा थांबला. संध्याकाळच्या त्या गप्प मैदानावर माझे शेवटचे शब्द एकटेच दणाणले: “घराला लागू देऊ नका!” क्रिकेट खेळणारी मुलं चेंडू टाकून उभी राहिली. एक म्हातारा “कुठं लागली, कुठं लागली?” करत धावत आला. त्याच्या मागून हवालदार.

“काय चाललंय?” हवालदार म्हणाला.

“अभ्यास,” सर म्हणाले.

भोंगा चालू असतानाचं एक अक्षर कोणाच्या वहीत नव्हतं. सलग तीन संध्याकाळी सरांनी मला त्या स्टुलावर चढवलं. तिसऱ्या दिवशी ती क्रिकेटवाली मुलं माझ्याबरोबर ते वाक्य म्हणू लागली होती.

कोर्टात सर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा सरकारी वकिलांना वाटलं, सोपं काम आहे. कारण सर इतके हळू बोलत होते की मॅजिस्ट्रेटसाहेब पुढे वाकले होते.

“तुमच्या तीन विद्यार्थ्यांना काही ऐकू आलं नाही, आणि चौथ्याला आलं?”

“चौथ्यालाही नाही आलं. त्या भोंग्यात कोणालाच येत नाही, तीन संध्याकाळी करून पाहिलंय.”

“मग वहीत वाक्य कुठून आलं?”

“चौथा मागच्या बाकावर बसलाय,” सर म्हणाले. “कवी, उभे राहा.”

मी उभा राहिलो. साहेबांनी मला माझं वाक्य वाचायला लावलं. मी सवयीने जरा चढ्या आवाजात वाचलं. कोर्टात हशा पिकला. आरोपीच्या पिंजऱ्यातून परब तोंडाला हात लावून माझ्याकडे असे बघत होते, की आपल्या नावावर हे कोणी खपवलं!

“साहेब, हा मुलगा लबाड नाही,” सर म्हणाले. “ह्याला रिकामी जागा सोसत नाही. भोंगा झाला, कान बंद पडले, पण हात थांबला नाही. त्याला परब जसे दिसतात तसं वाक्य त्याने परबांना दिलं. सरकारी लघुलेखकांना परब जसे दिसतात तसं त्यांनी दिलं. ह्याने स्वभावाने भरलं, त्यांनी नोकरीने. वाक्यं दोन्ही चांगली आहेत. ऐकलेलं त्यांतलं एकही नाही.”

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सरकारी लघुलेखकांना विचारलं, त्या वाक्याच्या वेळी भोंगा झाला होता का? ते म्हणाले, आठवत नाही. वहीत नोंद? नाही. “म्हणजे अख्ख्या लालबागला ऐकू गेलेला भोंगा तुम्हाला ऐकू आला नाही,” साहेब म्हणाले, “आणि वाक्य तेवढं आलं.” लघुलेखक खाली बघू लागले. मला त्यांची दया आली. त्या कोर्टात त्यांना समजून घेणारा मी एकटाच होतो.

परब सुटले. त्या वाक्याखेरीज पोलिसांकडे त्यांच्याविरुद्ध काही नव्हतंच.

पाळी संपवून ते एक दिवस थेट क्लासात आले. हातात जेवणाचा डबा, केसांत कापसाचा भुगा. सरांना त्यांनी वाकून नमस्कार केला, सरांनी तो मध्येच धरला. मग ते बाकावर बसले आणि खालच्या डंखांच्या दणक्याने बाक हललं तसे हसले.

मला राहवेना. इतके दिवस पोटात होतं. “परब, आता खटला संपला. आता सांगून टाका. भोंगा चालू असताना तुम्ही खरं काय बोलला होता?”

“कवी!” सर म्हणाले. पण त्यांनीही हातातली पेन्सिल खाली ठेवली होती.

“काय बोललंय?” परब म्हणाले. “काय नाय.”

“काही नाही कसं?”

“अरे, भोंगो झाल्यावर कोण बोलता? आमच्या खात्यात कोणाक पण इचार. भोंगो झालो की तोंड बंद, संपापर्यंत. उगाच घसो कित्याक फोडूचो? मी पाणी पिलंय. तोंड पुसलंय. भोंगो संपलो, मगे पुढचा बोललंय.”

कमलने कपाळावर हात मारून घेतला. चार कोपऱ्यांत चौघे, आणि चौघांच्याही माना खाली. वर बघितलं असतं तर पाणी पिणारा माणूस दिसला असता.

“मग हे कोर्टात का नाही सांगितलंत?” सरांनी विचारलं.

“माका कोणी इचारल्यानच नाय! पोलीस म्हणत, ह्या बोललंस काय? मी म्हटलंय, नाय. वकील म्हणत, ता बोललंस काय? मी म्हटलंय, नाय. गप होतंस काय, असा कोणीच इचारल्यान नाय.”

सर उठून खिडकीपाशी गेले. खालून मिरचीचा ठसका येत होता, तरी ते तिथेच उभे राहिले. “मीही नाही विचारलं, परब,” ते म्हणाले. “माझ्याकडे चार कान होते. हे सुचलंच नाही मला.”

परबांनी डबा उचलला. दारापाशी पोचल्यावर ते वळले.

“तुम्ही कित्याक वाईट वाटून घेतात, मास्तरांनू? पोलिसांनी माझा एक लिवल्यानी, ह्या कवीन एक लिवल्यान. बरोबर लिवलेला फकस्त तुमच्या पोरांनी. रिकामी जागा.” ते हसले. “मी तेवढाच तर बोललंय.”